गझलेचे मौलाना आणि त्यांचं स्वदेशी दुकान

हसरत मोहानी हे नाव आपल्या घरांत दोन वाटांनी आलेलं असतं. थोरल्यांना ते गुलाम अलींनी गायलेल्या त्या गझलेमुळे ठाऊक असतं, जी १९८२ च्या 'निकाह' चित्रपटात आली आणि मग लग्नघरांपासून टॅक्सीपर्यंत सगळीकडे वाजत राहिली. धाकट्यांना ते इन्किलाब झिंदाबाद या घोषणेमुळे माहीत असतं, कारण ही घोषणा मौलानांच्या नावावर सांगितली जाते. पण मौलाना दुकानदारही होते, हे फार थोड्यांना माहीत आहे. अलिगढच्या बाजारात त्यांचं दुकान होतं आणि तिथे फक्त देशी माल मिळायचा. आज आम्ही त्या दुकानाची आणि ते चालवणाऱ्या माणसाची हकीकत सांगणार आहोत.

त्यांचं खरं नाव सय्यद फजलुल हसन. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात मोहान नावाचा कसबा आहे, तिथला जन्म, म्हणून मोहानी. हसरत हे शायरीतलं टोपणनाव. जन्मवर्ष सहसा १८७५ दिलं जातं. घराणं सय्यदांचं, पूर्वज इराणातल्या नैशापूरहून आलेले. घरात फारसी-अरबीचं वातावरण, नमाज-रोजा, वजीफे, आणि त्याच्या जोडीला शायरी. मोहान आणि फतेहपूरला शाळा झाली आणि मग ते अलिगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात आले, जे पुढे अलिगढ मुस्लिम विद्यापीठ झालं.

अलिगढ म्हणजे त्या काळी कौमची शान. सूटबूट, तुर्की टोपी, क्रिकेट, साहेबांसारखं इंग्रजी. तिथे हा मुलगा जुन्या वळणाच्या कपड्यांत, हातात पानदान घेऊन उतरला. पोरांनी लगेच खालाजान असं नाव ठेवलं. आम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षं हे बघतो. खेड्यातून आलेल्या मुलाला वर्ग पहिल्याच दिवशी नाव ठेवतो आणि वर्षाअखेरीस त्याच्याकडूनच वह्या मागतो. हसरतांचंही तसंच झालं. शायरीने आणि हुशारीने त्यांनी सगळ्यांना जिंकलं. १९०३ साली बी.ए. झाले. तोपर्यंत कॉलेजच्या इंग्रज मंडळींच्या डोळ्यांत ते खुपू लागले होते.

बी.ए. झालेल्या अलिगढच्या पदवीधराला तेव्हा सरकारी नोकरी समोर ताट वाढून ठेवल्यासारखी मिळायची. हसरतांनी ती घेतली नाही. त्याच वर्षी त्यांनी अलिगढहून 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक काढलं. जुन्या उस्तादांच्या गझला, नव्यांवर टीका, आणि सोबत राजकारण. हे शेवटचं अलिगढला पटणारं नव्हतं. सर सय्यद अहमद खानांनी मुसलमानांना आधी शिका, काँग्रेसपासून लांब राहा असा सल्ला दिला होता आणि त्यांच्यानंतरची मंडळी तो सल्ला फर्मानासारखा पाळत होती. हसरत मात्र १९०४ साली मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले.

आपल्या महाराष्ट्राशी त्यांचं नातं इथून सुरू होतं. लोकमान्य टिळकांना त्यांनी राजकारणात आपलं गुरू मानलं, आणि हे मानणं शेवटपर्यंत सुटलं नाही. १९०७ च्या सुरत अधिवेशनात जहाल-मवाळ फूट पडली तेव्हा ते टिळकांच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी टिळकांवर शायरी केली, आणि १९२० साली टिळक गेले तेव्हा त्यांचा शोकही शायरीतच मांडला. एक पाच वक्ताचा नमाजी, सूफी मंडळींशी बैअत असलेला मौलवी, आणि पुण्याचे टिळक. आज कुणाला ही जोडी विचित्र वाटेल. त्या दोघांना वाटली नाही.

टिळकांकडून त्यांनी जे घेतलं त्यात सगळ्यात पक्की बसलेली गोष्ट म्हणजे स्वदेशी. १९०५ मध्ये लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली आणि विलायती मालावर बहिष्काराची हाक बंगालातून देशभर गेली. महाराष्ट्राला ती नवी नव्हती. पुण्याचे सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी १८७७ च्या दिल्ली दरबारातसुद्धा जाडंभरडं देशी कापड घालून गेले होते. कुर्ल्याला जमशेटजी टाटांनी १८८६ साली घेतलेल्या गिरणीचं नावच स्वदेशी मिल ठेवलं होतं. १९०५-०६ मध्ये मुंबईत स्वदेशी मालाचं सहकारी भांडार निघालं, त्यात टिळकांचा हात होता. हसरतांनी हे सगळं पाहिलं आणि अंगावर परदेशी धागा घालायचा नाही असं ठरवून टाकलं.

आता परदेशी धागा हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे, कारण खरी गोम तिथेच होती. मालेगाव, भिवंडीच्या वाचकांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी थोडं सांगतो. सुताचा नंबर असतो. ८४० यार्डांची एक लडी धरली तर एका पौंडात जितक्या लड्या बसतात, तितका त्या सुताचा नंबर. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. आपल्याकडच्या कापसाचा धागा आखूड, त्यामुळे त्या काळच्या हिंदुस्थानी गिरण्या मुख्यतः जाडं सूत काढायच्या, वीस नंबरच्या आसपासचं आणि त्याहून जाडं. बारीक मलमल, चांगली पगडी, नाजूक साडी विणायची तर चाळीसच्या वरचं सूत लागायचं आणि ते बहुतेक लँकेशायरहून यायचं. म्हणजे मऊचा किंवा बनारसचा मोमीन विणकर हातमागावर बसून, स्वतःच्या हाताने, बापजाद्यांच्या हुन्नराने कापड विणत होता, आणि त्याच्या मागावरचं सूत मात्र विलायती होतं. हे कापड स्वदेशी म्हणायचं का नाही?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नाही म्हटलं तर विणकर उपाशी. हो म्हटलं तर मँचेस्टरचा गिरणीवाला खूश. शिवाय ज्या मुंबईच्या गिरण्यांचं कापड स्वदेशी म्हणून विकलं जात होतं, त्यांच्या चात्या आणि माग लँकेशायरमधूनच आलेले होते. सरकारचा काटाही सरळ नव्हता. १८९६ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्या सुती कापडावर साडेतीन टक्के जकात लावली, आणि लँकेशायरची तक्रार नको म्हणून इथल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के कर बसवला. आपल्याच देशात, आपल्याच कापसाच्या, आपल्याच मजुरांनी विणलेल्या कापडावर परदेशी कापडाइतका कर! तो काढून टाकायला १९२५ साल उजाडावं लागलं. गांधीजींनी १९१९ मध्ये स्वदेशीचं व्रत सांगितलं तेव्हा शुद्ध आणि मिश्र असे दोन प्रकार करावे लागले ते या सुताच्या भानगडीमुळेच. शुद्धमध्ये कापूसही इथला आणि सूतही इथलं. मिश्रमध्ये परदेशी सूत चालायचं, पण विणकाम इथलं हवं.

आणखी एक बाजू आहे, ती आपल्या समाजात कमी बोलली जाते. बंगालमध्ये बहिष्काराची हाक दिली ती मुख्यतः शिकल्या-सवरल्या, जमीनदार घरांतल्या लोकांनी. पूर्व बंगालचा गरीब मुसलमान शेतकरी स्वस्त विलायती कापड घेत होता. त्याला महाग देशी कापड घे म्हणून सांगणं सोपं, पण पैसे कुणी देत नव्हतं. कुठे कुठे त्याच्यावर आणि छोट्या दुकानदारांवर जबरदस्ती झाली, आणि त्यातून कटुता आली, दंगेही झाले. हिंदू-मुसलमानांमध्ये स्वदेशीवरून जी दरी पडली तिच्यामागे फक्त इंग्रजांचं कारस्थान होतं असं आम्हाला वाटत नाही. खिशाचाही प्रश्न होता. हसरत स्वदेशीकडे आले ते दुसऱ्याला भाग पाडायला नव्हे. स्वतःपासून सुरुवात केली, आणि पुढे दुकान टाकून माल लोकांच्या हाताशी आणून ठेवला. त्यांचं मोठेपण आम्हाला इथे दिसतं.

पण दुकानाच्या आधी तुरुंग आला. १९०८ साली 'उर्दू-ए-मुअल्ला'त एक लेख छापून आला. इंग्रजांनी इजिप्तमध्ये, म्हणजे मिस्रमध्ये काय धोरण चालवलंय यावर. लेखावर लेखकाचं नाव नव्हतं. तो दुसऱ्या कुणी लिहिला होता, पण सरकारने विचारल्यावर हसरतांनी नाव सांगितलं नाही आणि सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. जून महिन्यात त्यांना अटक झाली. त्याच महिन्यात, २४ तारखेला, मुंबईत टिळकांना अटक झाली. गुरू मंडालेला गेले, शागीर्द अलिगढ आणि मग अलाहाबादच्या तुरुंगात. दोघांवर राजद्रोहाचाच आरोप. आणि जाता जाता हेही सांगायला हवं की तोच मिस्र त्या काळी लँकेशायरला लांब धाग्याचा उत्तम कापूस पुरवत होता. तिथल्या शेतकऱ्याचं आणि इथल्या विणकराचं दुखणं एकाच गिरणीत दळलं जात होतं.

सजा दोन वर्षांची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड. पुढे अपिलात मुदत कमी होऊन एका वर्षावर आली. दंड भरायला पैसे नव्हते, तेव्हा सरकारने त्यांची पुस्तकं लिलावात काढली. आयुष्यभर जमवलेली हस्तलिखितं, जुने दिवाण, दुर्मीळ तजकिरे कवडीमोलाने गेले. ज्याच्या घरात पुस्तकांचं एक कपाट आहे त्याला हे वाचताना पोटात कालवतं. तुरुंगात राजकीय कैदी म्हणून काही सवलत नव्हती. जात्यावर बसवलं, रोज मणभर धान्य दळायचं. रमजानातसुद्धा. दळता दळता मनातल्या मनात गझल जुळायची. कागद-पेन मिळत नव्हतं, तेव्हा ती पाठ ठेवायची. चक्की त्यांच्या शायरीत कायमची आली ती तिथूनच.

मागे घरात बेगम निशातुन्निसा होत्या आणि आजारी तान्ही मुलगी नईमा. या बाईंबद्दल वेगळा लेख लिहायला पाहिजे, पण इथे थोडंतरी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अटक झाली तेव्हा त्यांनी नवऱ्याला तुरुंगात चिठ्ठी पाठवली. घरची काळजी करू नका, खंबीर राहा, कमजोरी दाखवू नका, अशा आशयाची. त्या काळातल्या शरीफ घराण्यातली पर्दानशीन बाई. पुढे कोर्टकचेऱ्या, वकील, तुरुंगाच्या भेटी यांसाठी त्या बाहेर पडल्या, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. १९१७ साली मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटून स्त्रियांना मताधिकार द्या असं सांगणारं जे शिष्टमंडळ सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने गेलं, त्यात बेगम हसरत मोहानी होत्या.

सुटून आल्यावर हसरतांनी मासिक पुन्हा चालू केलं. छोटा हातछापखाना, बहुतेक कामं नवरा-बायकोच करायची. १९१३ मध्ये सरकारने प्रेस कायद्याखाली तीन हजार रुपयांचा जामीन मागितला. तीन हजार! ज्या घरात उद्याच्या पिठाची खात्री नव्हती त्या घराकडे. छापखाना बंद पडला, मासिक बंद पडलं.

आता काय करायचं? नोकरी करायची नव्हती, चंदा मागायचा नव्हता. तेव्हा त्यांनी अलिगढच्या रसलगंज भागात स्वदेशी स्टोअर उघडलं. भांडवल जवळजवळ नव्हतंच. मौलाना शिब्ली नोमानी हे त्यांचे चाहते. शिब्लींच्या शिफारशीवरून मुंबईचे गिरणीमालक सर फाजलभाई करीमभाई यांच्याकडून माल मिळाला, असं सांगितलं जातं. म्हणजे अलिगढच्या दुकानाची मुळं पुन्हा आपल्या मुंबईतच. शिब्लींनी त्यांची प्रेमाने थट्टाही केली. हा माणूस आहे का जिन्न, आधी शायर होता, मग राजकारणी झाला आणि आता वाणी बनला, अशा अर्थाची. थट्टेत एक खरी गोष्ट होती. आलिम, शायर, सय्यद घराण्यातला माणूस तराजू-गज हातात घेतो हे तेव्हाच्या अशराफ मंडळींना कमीपणाचं वाटायचं. आम्हाला मात्र इथे हेच सांगावंसं वाटतं की तिजारत ही आपल्या नबी करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची सुन्नत आहे, आणि कापड विणणं-विकणं यांना हलकं समजणं हे आपण इथे येऊन शिकलो. आजही लग्नाचं स्थळ बघताना कुणाचे वडील कपड्याचं दुकान चालवतात म्हटलं की काही घरांत आवाज जरा खाली येतो. तो का येतो, हे ज्याने त्याने विचारावं.

त्या दुकानातून श्रीमंती आली नाही. आली असती तर आश्चर्य. पोलिसांचा डोळा असलेल्या माणसाच्या दुकानात सरकारी नोकरीची आशा असलेला अलिगढचा विद्यार्थी किती बिनधास्त येणार? तरी येणारे येत होते.

स्वतःच्या बाबतीत हसरतांचा हट्ट टोकाचा होता. एक आठवण त्यांच्या चाहत्यांमध्ये नेहमी सांगितली जाते. लखनौला कडाक्याच्या थंडीत ते एका स्नेह्याकडे रात्री मुक्कामाला राहिले. पांघरायला कांबळं दिलं गेलं, ते विलायती होतं. मौलानांनी ना यजमानाला काही म्हटलं, ना दुसरं मागितलं. कांबळं पायथ्याशी तसंच राहू दिलं आणि रात्र कुडकुडत काढली. सकाळी घरच्यांच्या लक्षात आलं. या आठवणीत आम्हाला थंडीपेक्षा त्यांचं गप्प राहणं जास्त मोठं वाटतं. आपल्या तत्त्वापायी यजमानाला शरमिंदा करायचं नाही, हा अदब. आजकाल ज्याची त्याची तत्त्वं पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात वाजतात.

१९१६ मध्ये पुन्हा अटक. सरकारने ललितपूरला नजरकैदेत राहायला सांगितलं, त्यांनी हुकूम मानला नाही, म्हणून पुन्हा दोन वर्षं सक्तमजुरी. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात, झाशी, अलाहाबाद, प्रतापगड, फैजाबाद, लखनौ, मेरठ. या काळात लखनौचे एक पंडित स्नेही अलिगढला बेगमसाहिबांची विचारपूस करायला गेले. घरची अवस्था पाहून त्यांना गहिवरून आलं आणि त्यांनी मदत देऊ केली. बेगमसाहिबांनी पैसे घेतले नाहीत. करायचंच असेल तर आमची छापलेली पुस्तकं पडून आहेत, ती लखनौला विकून द्या, एवढंच सांगितलं. खैरात नको, गिऱ्हाईक द्या. बाहेरून येणारी दया आणि बाहेरून येणारं कापड, या घराने दोन्ही परत पाठवली.

१९१९ च्या नोव्हेंबरात दिल्लीला खिलाफत परिषद भरली. हिंदू-मुसलमान दोघेही होते. तिथे हसरत आणि गांधीजी यांच्यात जो वाद झाला तो गांधीजींनी सत्याचे प्रयोगमध्ये स्वतः लिहून ठेवला आहे. हसरतांचं म्हणणं असं होतं की नुसत्या स्वदेशीने काम भागणार नाही. आपल्या गरजेच्या सगळ्या वस्तू इथे कधी तयार होणार आणि घरोघरी कधी पोहोचणार? इंग्रजांना आज, आत्ता चटका बसायला हवा, म्हणून ब्रिटिश मालावर बहिष्कार. गांधीजींना ते मान्य नव्हतं. फक्त ब्रिटिशांचा माल टाळायचा यात त्यांना द्वेष दिसत होता, आणि हे व्रत पाळलं जाईल याचाही भरवसा नव्हता. समोर बसलेल्यांच्या अंगावरचे कपडेच तपासले तर किती जणांचे देशी निघाले असते! पण हसरतांच्या प्रश्नाला उत्तर तर द्यायला हवं होतं. ते शोधता शोधता गांधीजींना असहकार ही कल्पना सुचली, आणि उर्दू शब्द सापडेना म्हणून त्यांनी तिथे इंग्रजी शब्दच वापरला. म्हणजे ज्या असहकाराने पुढची दोन वर्षं देश हलवून सोडला, त्याच्या जन्माला एका स्वदेशी दुकानदाराची नाराजी कारण झाली होती.

आम्हाला विचाराल तर त्या वादात दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर होतं. हसरत दुकान चालवून बसले होते, त्यामुळे काय मिळतं आणि काय मिळत नाही हे त्यांना ठाऊक होतं. सुई, चाकू, औषधं, छपाईची शाई, बारीक सूत. व्रत घेणं सोपं, माल आणून देणं अवघड. गांधीजींना माणसाचा स्वभाव ठाऊक होता.

यानंतर हसरत कानपूरला गेले आणि तिथे खिलाफत स्वदेशी स्टोअर उभं केलं. कानपूर म्हणजे गिरण्यांचं आणि कातड्याचं शहर. पुढे हेच त्यांचं गाव झालं. स्वदेशीला त्यांनी खिलाफत हे नाव जोडलं याकडे लक्ष द्यायला हवं. हजारो मुसलमान घरांना तेव्हा तुर्कस्तानच्या खलिफाची काळजी लागली होती. त्या तळमळीला त्यांनी इथल्या मागावरच्या, इथल्या मजुराच्या कापडाशी जोडलं.

१९२१ च्या डिसेंबरात अहमदाबाद काँग्रेसमध्ये त्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. स्वराज्य म्हणजे साम्राज्याबाहेरचं, कुठलीही परदेशी सत्ता न मानणारं. गांधीजींनी विरोध केला, ठराव पडला. काँग्रेसने तोच ठराव १९२९ साली लाहोरला स्वीकारला. अहमदाबादच्या त्या दिवसांतल्या भाषणांवरून १९२२ मध्ये हसरतांना पुन्हा पकडलं आणि या वेळी ते आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात आले. गांधीजीही तेव्हा तिथेच होते. दोन वर्षांनंतर, १९२४ मध्ये ते सुटले.

स्वदेशीचे इतके कट्टर, पण चरख्याचे भक्त ते कधीच नव्हते. हे अनेकांना चकित करतं. देशी घाला, देशी विका, पण बसून सूत काततच स्वातंत्र्य येईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. चरख्यापेक्षा लेनिनचा रस्ता त्यांना जवळचा वाटायचा, आणि हे त्यांनी शायरीतूनही बेधडक सांगितलं. १९२५ च्या डिसेंबरात कानपूरला कम्युनिस्टांची पहिली परिषद भरली तेव्हा स्वागताध्यक्ष हसरत मोहानीच होते. आमच्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं, मौलाना आणि कम्युनिस्ट, हे कसं काय? पण ते वारंवार हजला जायचे, आणि जन्माष्टमीला मथुरेलाही जायचे, कृष्णावर शेर लिहायचे. त्यांना एका डब्यात बसवायचा खटाटोप ते जिवंत असतानाही कुणाला जमला नाही.

गेली काही वर्षं आपल्या मोबाइलवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरतात. अमुक देशाचा माल घेऊ नका हा एक. आणि अमुक धर्माच्या भाजीवाल्याकडून, बांगडीवाल्याकडून घेऊ नका हा दुसरा. दोन्हींना बहिष्कारच म्हणतात. हसरतांचा बहिष्कार लंडनच्या सत्तेवर होता, गल्लीतल्या शेजाऱ्यावर नव्हता. त्यांचा माल मुंबईच्या खोजा गिरणीमालकाकडून आला असेल, विणला असेल मराठी आणि भय्या मजुरांनी, कापूस पिकवला असेल वऱ्हाडच्या कुणब्याने. स्वदेशी या शब्दातला देश हा इतका मोठा होता. आज भिवंडीच्या किंवा मालेगावच्या यंत्रमागावरचं कापड घेताना, औरंगाबादच्या हिमरूची शाल घेताना विणणाऱ्याला मजुरी किती मिळते हे आपण विचारतो का? मालेगाव-भिवंडीतली कितीतरी मोमीन घराणी १८५७ नंतर उत्तरेतून इथे आली ती मागासोबतच आली, आणि सुताचा भाव वर गेला की आजही त्यांच्याच घरात चूल आधी मंदावते. हसरत दुकानात बसून जो हिशोब करत होते तो अजून संपलेला नाही.

बेगम निशातुन्निसा १९३७ मध्ये गेल्या. हसरत त्यानंतर चौदा वर्षं जगले. पाकिस्तान झालं, पण ते गेले नाहीत, हिंदुस्थानातच राहिले. संविधान सभेचे ते सदस्य होते. तिसऱ्या वर्गाने प्रवास करायचा, दिल्लीत मशिदीत उतरायचं, जुनी देशी शेरवानी घालून सभागृहात जायचं आणि बहुमताला न पटणाऱ्या दुरुस्त्या मांडायच्या. १९४९ साली भारताने कॉमनवेल्थमध्ये राहण्याला त्यांनी विरोध केला. उद्देशिकेवर चर्चा झाली तेव्हा या देशाला समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ म्हणा अशी सूचना त्यांनी आणली. ती अर्थातच फेटाळली गेली. १३ मे १९५१ रोजी लखनौला त्यांचा इंतकाल झाला. फिरंगी महलच्या बुजुर्गांच्या कब्रस्तानात त्यांना दफन केलं गेलं. मागे ना जमीन होती, ना बंगला. होता तो शायरीचा कुल्लियात.